पिपाणीचा खालचा ओठ

४ फेब्रुवारी

मी बोलते आणि नात लिहिते. मला अक्षर येत नाही, आणि या वयात शिकून मी कुणाचे पेपर तपासायला जाणार आहे? वहीची कल्पना तिचीच. "आजी, दिवसभर तुझ्या डोक्यात जे चाललेलं असतं ते संध्याकाळी मला सांग. मी उतरवून घेते." मी लगेच ताडलं. पोर घाबरली आहे, तिला हाताला चाळा हवा आहे. म्हटलं, बरं. तिच्यासाठी तोंड चालवायला माझं काय जातं? तसंही ते चालूच असतं.

नात चौदा वर्षांची. शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते. ते लांब काळं वाद्य पहिल्यांदा घरी आलं तेव्हा त्यातून असा काही आवाज निघाला की शेजारीण विचारायला आली, कुणाला लागलं का म्हणून. तेव्हापासून मी तिला पिपाणी म्हणते. आता चांगली वाजवते. ते खोड. "बरी वाजवते" असं लिही.

तर झालं असं. पिपाणीचे दात पुढेमागे आहेत म्हणून तिला तार बसवायला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी जबड्याचा फोटो काढला आणि तार राहिली बाजूला, ते फोटोच्या एका कोपऱ्याकडे बघत बसले. खाली, डावीकडे, अगदी मागे, हाडाच्या आत अक्कलदाढ आडवी झोपली आहे. अजून पुरती तयार नाही. आणि तिच्याभोवती पाण्याची पिशवी धरली आहे. ती पिशवी हाड पोखरत मोठी होते म्हणे. दुखत नाही, खुपत नाही, गुपचूप चाललंय सगळं.

मला अक्कलदाढ आली तेव्हा माझ्या कडेवर मूल होतं. हिला चौदाव्या वर्षी? घरात सगळ्यांच्या आधी अक्कल हिलाच यायची होती, आणि आली तीही आडवी. असं बघू नकोस माझ्याकडे. लिही.

७ फेब्रुवारी

जबड्याच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मुलगा, सून, पिपाणी आणि मी. मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो, सून बस चालवते. दोघांनी अर्धा दिवस रजा काढली. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी पायात चपला घालून दारात उभी राहिले, मग कुणाची नको म्हणायची टाप नव्हती.

खोली लहान, स्वच्छ. आडवी होणारी खुर्ची, वर दिवा, भिंतीवरच्या पडद्यावर आमच्या पोरीचा जबडा. बाई बुटकी, हात लहान मुलीसारखे. मला ते हात आवडले. आणखी एक गोष्ट आवडली. तिने आपलं स्टूल आमच्यासमोर नाही, पिपाणीसमोर ओढलं.

"ही दाढ. नुसतं डोकं तयार आहे, मुळं अजून फुटायची आहेत. ही काळी जागा म्हणजे पिशवी. आणि खालून ही बारीक रेघ गेली आहे ना, ती नस. ओठाला स्पर्श कळतो तो हिच्यामुळे."

"कुठल्या ओठाला?" पिपाणीने विचारलं.

"खालच्या. डावीकडच्या अर्ध्या. आणि हनुवटीला."

पिपाणीने दप्तरातून वाद्याचं तोंड काढलं. त्याला वेताची एक पातळ पट्टी बांधलेली असते, तिला ही रीड म्हणते. खालचा ओठ दातांवर दुमडला आणि रीड त्यावर टेकवून दाखवली. "माझं सगळं इथे असतं," म्हणाली. "किती दाबायचं, किती सोडायचं, ते ओठालाच कळतं."

बाईंनी तिला पुन्हा करायला लावलं. वाकून बघितलं. मग म्हणाल्या, "मी तुला खोटं सांगणार नाही. काढताना नस दुखावली तर ओठ बधिर होऊ शकतो. बहुतेक वेळा काही आठवड्यांत जाग येते. क्वचित येत नाही. आज पिशवी नसेला अगदी टेकलेली नाही. थांबलो तर पिशवी वाढणार आणि दाढेला मुळंही फुटणार. दोन्ही नसेच्याच दिशेने."

मुलगा म्हणाला, "मार्चमध्ये बँडचा कार्यक्रम आहे. तिला एकटीने वाजवायचा मोठा तुकडा आहे. त्यानंतर केलं तर?"

"महिन्याने आभाळ कोसळेल असं नाही. पण थांबा असं मी म्हणणार नाही."

"तुम्ही अशा किती काढल्यात?" पिपाणीने विचारलं. सुनेने तिला डोळ्यांनी दटावलं.

"अक्कलदाढा पुष्कळ. एवढ्या लहान वयात, पिशवीसकट, थोड्या."

"आणि क्लॅरिनेट वाजवणाऱ्यांच्या?"

"एकाचीही नाही."

या उत्तरावर मी बाईंना पास केलं. कुणी "काही काळजी करू नका" म्हणालं की मला तिथूनच काळजी सुरू होते.

निघताना मी विचारलं, "दाढ काढल्यावर हिची अक्कल कमी नाही ना होणार?" बाई म्हणाल्या, "झाली तर तुमच्यातली थोडी द्या." मुलगा एवढा हसला की मला संशय आला.

९ फेब्रुवारी

काल घरात कुणी धड जेवलं नाही. मुलगा म्हणतो थांबू, सून म्हणते उरकू. मुलगा म्हणतो, "तिचा ओठ गेला तर?" सून म्हणते, "जबडा गेला तर?" माझं मत कुणी विचारलं नाही म्हणून मी दोघांनाही दिलं.

पिपाणी मध्येच उठून बाहेर गेली. आम्हाला वाटलं रडायला गेली. तासाभराने चष्मेवालीला घेऊन आली. चष्मेवाली हिच्या बँडमधली, क्लॅरिनेटच्या रांगेत हिच्या शेजारी बसते. पिपाणी म्हणाली, "बाबा, माझा तुकडा ही वाजवेल. बँडच्या मास्तरांना मी विचारलं. आता तारीख घ्या."

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकावी तसा मुलाचा चेहरा झाला.

चौदा वर्षांची पोर. स्वतःच्या हातातला घास शेजारणीच्या ताटात वाढते आणि वर तो तिने नीट चावावा म्हणून शिकवणारही आहे. मी असते तर निदान दोन दिवस थयथयाट केला असता. हे सगळं मी तिला तोंडावर म्हणाले नाही. आता वहीत सांगते आहे आणि तीच लिहिते आहे, पण ते वेगळं.

१३ फेब्रुवारी

रोज संध्याकाळी चष्मेवाली येते. पिपाणी तिला एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवायला लावते. "श्वास इथे नको घेऊस, त्या वळणानंतर घे." चष्मेवालीचा आवाज हिच्याएवढा गोल नाही. मला संगीतातलं काही कळत नाही, पण गोल आणि चपटं कळतं. आज शेवटी तिला ते वळण जमलं. पिपाणीने टाळ्या वाजवल्या. मग थोडा वेळ खिडकीतून बाहेर बघत उभी राहिली. खाली रस्त्यावर काही नव्हतं.

१९ फेब्रुवारी

उद्या सकाळी दाढ काढायची. पिपाणी आज दोनदा वही घेऊन आली. दुपारी म्हणाली, "सांग ना काहीतरी." मी तिला माझ्या लॉन्ड्रीतल्या नोकरीच्या गमती सांगितल्या, त्या वेगळ्या पानावर आहेत. संध्याकाळी पुन्हा आली. "आजी, तू दुपारी झोपली नाहीस."

मी म्हटलं, मला झोप येत नव्हती. म्हातारपणी येत नाही.

"कालही नाही झोपलीस."

बघा, पोर भीतीने किती बारीक लक्ष ठेवायला लागली आहे. मी तिला पुष्कळ धीर दिला.

२० फेब्रुवारी

आज जे झालं ते लिहायला ती नको म्हणत होती. मी म्हटलं, वही माझी आहे.

सून पहाटेची पहिली बस घेऊन गेली, ती परस्पर हॉस्पिटलात येणार होती. मुलगा आंघोळीला गेला. पोर स्वयंपाकघरात बसलेली, तोंड एवढंसं झालेलं. मी दूध गरम केलं, मध घातला. या घरातून आजवर कुणी उपाशी बाहेर पडलं नाही. परीक्षेला जावो, नोकरीला जावो, मी काहीतरी पोटात ढकलल्याशिवाय सोडत नाही. दाढ काढायला का सोडू? पेला पुढे केला. ती पेल्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलं. मग घेतला आणि सगळा प्यायली. मला बरं वाटलं. म्हटलं, बघा, केवढी भूक लागली होती.

हॉस्पिटलात तिला हिरवा झगा घातला. भूल देणारे डॉक्टर आले. उंच, दमलेले, पण आवाज मऊ. "रात्रीपासून काही खाल्लं-प्यायलंस?"

मुलगा म्हणाला, "नाही, काही नाही."

पिपाणी म्हणाली, "दूध प्यायले. सकाळी. पेलाभर."

मी तिच्या पाठीला चिमटा काढला. एवढी तयारी झाली, सगळे रजा काढून बसले, दुधाचं कशाला बोलायचं? मुलगा तिच्यावर ओरडला, "उपाशी यायचं हा हॉस्पिटलचा कागद तूच वाचून दाखवलास ना आम्हाला? मग?"

"भूक लागली, बाबा. मीच प्यायले."

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "सांगितलंस ते फार छान केलंस. भुलीत पोटातलं वर येतं आणि फुप्फुसात उतरतं. जिवावर बेततं. आज नाही करता येणार."

मी खुर्ची ओढून बसले. मुलगा पोरीला बोलतच होता, ती खाली मान घालून ऐकत होती. तेव्हा मी म्हणाले, "तिला बोलू नकोस. मी पाजलं."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. डॉक्टर माझ्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "आजी, असं दर महिन्याला कुणीतरी करतं. पण सांगत नाहीत सगळेच."

घरी येताना मी तिला विचारलं, "कागदावर होतं हे तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग प्यायलीस कशाला, बाई?"

"तुझा हात कापत होता."

कापेल नाहीतर काय, पेला गरम होता.

आठवड्याने पुढची तारीख मिळाली. त्या सकाळी दूध तापवणार नाही मी. चूलच पेटवणार नाही.

२७ फेब्रुवारी

आज मुलगा लिहितो आहे. त्याचं अक्षर म्हणजे लिफ्टच्या तारा. पिपाणी आत झोपली आहे, गालावर बर्फाची पिशवी.

झालं. दाढ निघाली, पिशवी निघाली. आज घरात कुणीच काही खाल्लं नाही. पिपाणी उपाशी तर सगळे उपाशी. सून म्हणाली, "मला बस चालवायची नाहीये आज, उपाशी राहीन." मुलगा म्हणाला, "मला भूकच नाही." मग तिला आत नेलं आणि आम्ही बाकावर बसलो. मुलगा एक मिनिट बसेना. लिफ्टपाशी जाऊन तिचा आवाज ऐकून आला आणि म्हणाला, हिचं बेअरिंग गेलंय. मग शिपायाला जाऊन तेच सांगितलं.

पोर आत जाताना मागे वळली नाही. झगा पाठीमागून उघडा होता, तो एका हाताने धरून, दुसरा हात नर्सच्या हातात, ताठ चालत गेली. राणी दरबारात जाते तशी. मी जन्मात एवढं ताठ चाललेलं माणूस बघितलं नाही.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर टोपीचा वळ उमटला होता. म्हणाल्या, "पिशवी चित्रात होती त्यापेक्षा खोल निघाली. नसेला चिकटली होती. मी सोडवली, तोडली नाही. पण नसेला हात लागला आहे. ओठाचं थांबून बघावं लागेल." जमिनीकडे बघून नाही, आमच्याकडे बघून सांगितलं. चांगलं झालेलं सांगायला सगळेच येतात.

हे पान तिला दाखवू नकोस. राणीचं तर मुळीच नको. काय? मग फाडून टाक. नाही म्हणतोस? तू लहानपणापासून असाच.

२८ फेब्रुवारी

आज पुन्हा पिपाणी लिहिते आहे. तोंडात बोळा आहे, बोलता येत नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला मध्ये कुणी तोडत नाही. फार निवांत वाटतं. गाल असा फुगला आहे की एका बाजूने ती तिच्या आजोबांसारखी दिसते. वहीच्या कोपऱ्यात तिने काहीतरी लिहून माझ्याकडे फिरवलं. मी म्हटलं, मला दाखवून काय उपयोग? मग ती हसली, आणि हसताना दुखलं, आणि दुखलं म्हणून आणखी हसली.

हसताना ओठ ओला झाला. डाव्या बाजूने पाणी गळत होतं आणि तिला कळत नव्हतं. मी पुसलं. तेही कळलं नाही.

६ मार्च

टाके बघायला गेलो. बाईंनी तिला डोळे मिटायला सांगितले आणि कापसाची काडी ओठावरून फिरवली.

"इथे?"

"हो."

"इथे?"

"हो."

"इथे?"

पिपाणी वाट बघत राहिली. काडी केव्हाच टेकली होती.

बाई म्हणाल्या, नस अखंड आहे, म्हणजे आशा पुष्कळ आहे, पण तारीख देणार नाही. वाद्य अजून तीन आठवडे नाही, हाड भरू दे.

मग पिपाणीने विचारलं, "त्या दिवशी दूध प्यायल्यामुळे आठवडा उशीर झाला. म्हणून असं झालं का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "ती पिशवी कित्येक महिने वाढत होती. आठवड्याने तिला काही फरक पडत नाही."

"नक्की?"

"नक्की."

"अगदी नक्की ना? पुन्हा एकदा सांगा."

बाईंनी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. पोर हे मनात धरून बसली होती तर! मी घरी येताना तिला म्हटलं, बघ, उगाच जिवाला घोर लावून घेतलास. ती म्हणाली, "हो ना, आजी." आज मला दुपारी झोप लागली.

७ मार्च

बँडचा कार्यक्रम झाला. मी म्हटलं नको जाऊस, गालावर अजून पिवळा डाग आहे. ती गेली. दुसऱ्या रांगेत बसली. चष्मेवाली उभी राहिली तेव्हा हिची बोटं मांडीवर चालायला लागली, सगळी बोटं, बरोबर त्याच वेळी. वळण आलं. हिने श्वास रोखला. चष्मेवालीने वळण घेतलं, मग श्वास घेतला. हिनेही घेतला.

टाळ्यांमध्ये हिची टाळी सगळ्यात मोठी होती. बँडचे मास्तर मंचावरून हिच्याकडे बघून किंचित वाकले. बाकी कुणाला कळलं नसेल. मी बघितलं.

१८ मार्च

ओठात मुंग्या येतात म्हणते. मग जातात. खाताना एकदा ओठ चावला आणि रक्त बघून कळलं. मी म्हटलं, बाकीची वाद्यंही असतात, ढोल आहे, त्याला ओठ लागत नाही. तिने लिहायचं थांबवलं. मी वाईट बोलले. गंमत करायला गेले होते. पुढे लिही, बाई.

२९ मार्च

आज वाजवायची परवानगी मिळाली. मुलगा कामावर, सून बसवर. दुपारी आम्ही दोघीच होतो. तिने वाद्य जोडलं, एकेक तुकडा सावकाश फिरवत बसवला. रीड जिभेवर ओली केली. मग खुर्चीत बसून राहिली.

"काय झालं?"

"रीड ओठावर कुठे टेकते ते मला कळत नाही. डावीकडे काहीच नाही. आजी, आरसा धरशील?"

मी तिच्या समोर स्टुलावर बसले आणि भिंतीवरचा आरसा काढून मांडीवर उभा धरला. ती आरशात बघून ओठ दुमडायची, रीड टेकवायची, पुन्हा काढायची. दिसतं तसं लावायचं, कारण लागल्याचं कळत नाही. मला जमलं नसतं. डोळ्यांनी ओठाचं काम करायचं म्हणजे काय सोपं आहे?

पहिल्या खेपेला नुसती हवा गेली. दुसऱ्या खेपेला ती किंचाळी निघाली, आमची जुनी. खालच्या मजल्यावर दार उघडल्याचा आवाज आला. मी म्हटलं, "घाबरू नका, पिपाणी आहे!" तिला हसू आलं, ओठ सुटला, पुन्हा सगळं जुळवावं लागलं.

पुष्कळदा झालं असं. लाळ गळायची, ती पुसायची, आरशात बघायची, पुन्हा. तोंडातून एकदाही "राहू दे" निघालं नाही. माझे हात भरून आले, पण मी आरसा हलवला नाही.

मग एक सूर लागला. खालचा, जाड, लांब. खोलीतल्या कपाटाची काच त्याबरोबर गुणगुणली. आणि तो चालू असतानाच तिने एकदम वाद्य तोंडातून काढलं.

"काय झालं? दुखलं?"

तिने ओठाच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. मग काढलं. मग पुन्हा ठेवलं. "आजी, गुदगुल्या झाल्या."

"कुठे?"

"इथे. रीड हलली ना, ती कळली. थोडीशी. अगदी इथपर्यंत."

"खरं?"

तिने वाद्य उचललं आणि पुन्हा तोच सूर लावला. गाणं नाही, काही नाही, तो एकच सूर. दम संपला की श्वास घ्यायचा आणि पुन्हा तोच. मी आरसा कलता केला, तिला नीट दिसावं म्हणून. मग माझ्या लक्षात आलं, ती आरशात बघतच नव्हती. डोळे मिटून वाजवत होती.